‘पडणारच आहे तो!’

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. माझी पुतणी तिसरीत. शाळेत खो-खोचा सराव चालू होता. खांब गाठायला म्हणून ही जोरात झेपावली आणि तोंडावरच आपटली. वरचा पुढचा एक दात मुळासकट बाहेर. बाईंनी तिचं तोंड धुतलं, रुमाल दाबायला दिला, दात वहीच्या कागदात गुंडाळून कंपासपेटीत ठेवला आणि एका मोठ्या मुलीबरोबर तिला घरी पाठवून दिलं. बाईंनी काळजी घेतली नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना जेवढं ठाऊक होतं, तेवढं त्यांनी मनापासून केलं.

घरी सासूबाई होत्या. त्यांनी नातीला जवळ घेतलं, हळद लावली, साखरपाणी पाजलं. मग कागदातला दात काढला आणि आपल्याकडे करतात तसा उंदराच्या नावाने कौलांवर भिरकावला. माझी जाऊ रडत होती. तिला म्हणाल्या, “अगं, रडतेस काय! दुधाचाच होता, पडणारच होता तो.” मी बचत गटाच्या बैठकीहून संध्याकाळी आले, तर हेच कानावर आलं. आणि मैत्रिणींनो, कबूल करते, मीही मान डोलावली. पंधरा वर्षं अंगणवाड्यांमधून फिरते आहे, आरोग्य शिबिरं भरवते आहे. पण साडेआठ वर्षांच्या मुलीचा वरचा पुढचा दात दुधाचा कसा असेल, हा साधा हिशेब माझ्याही डोक्यात आला नाही.

चौथ्या दिवशी ओठ सुजला म्हणून जिल्ह्याच्या गावी दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “दात कुठे आहे?” जाऊबाई म्हणाल्या, “कौलांवर.” डॉक्टर क्षणभर गप्पच झाले. मग सांगितलं, “ताई, हा पक्का दात होता. आता दुसरा येणार नाही.”

परत आल्यावर दिरांनी शिडी लावून कौलं पाहिली. दात सापडलाही. पण चार दिवस उन्हात वाळलेल्या दाताचं कोण काय करणार? तो आता देव्हाऱ्याच्या खणात एका डबीत आहे. सासूबाईंना तो टाकवत नाही.

या दाताची किंमत काय झाली ते ऐका. जबडा वाढत असतो तोवर त्यात स्क्रूचा दात, ज्याला इम्प्लांट म्हणतात, बसवता येत नाही. म्हणजे साधारण अठराव्या वर्षापर्यंत थांबायचं. तोवर टाळूला चिकटणारी एक प्लेट, तिला एक खोटा दात. मूल वाढलं की प्लेट घट्ट होते, पुन्हा नवी करायची. नवाचं दहा, दहाचं बारा, बाराचं पंधरा वर्षं! जेवताना काढा, धुवा, डब्यात ठेवा, सहलीला गेली की विसरून या. आणि हे सगळं ज्यामुळे टळलं असतं ती वस्तू शाळेच्या फाटकासमोर होती. चहाच्या टपरीवरचं थंड दूध!

दूध कशाला, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. मुळासकट निखळलेल्या पक्क्या दाताच्या मुळावर जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. त्या पेशी जिवंत असतील तरच हाड दाताला पुन्हा धरून ठेवतं. कागदात, रुमालात, खिशात दात सुकला की तासाभरात त्या बहुतेक मरतात. साध्या पाण्यात बुडवून ठेवला तरी फुगून फुटतात. दुधात मात्र काही काळ तग धरतात. म्हणून दात उचलताना वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर थंड पाण्याच्या धारेखाली काही सेकंद नुसता धुवायचा, घासायचा नाही. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर तिथल्या तिथे दात त्याच्या खोबणीत सुलट बसवायचा आणि रुमाल चावून धरायला सांगायचा. हे करायचं धाडस झालं नाही (माझं झालं नसतं!), तर पिशवीतल्या थंड, बिनसाखरेच्या दुधात टाकायचा आणि गाडी काढायची. डॉक्टर तो जागेवर बसवून शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. तासाच्या आत पोचलं तर सगळ्यात उत्तम, उशीर झाला तरी जायचंच. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, तेही तिथे विचारून घ्यायचं.

आता ‘पडणारच आहे’ या वाक्याकडे जरा नीट पाहू या. ते साफ खोटं नाही, म्हणूनच ते घातक आहे. तीन वर्षांच्या बाळाच्या बाबतीत ते अर्धं खरं आहे आणि आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पूर्ण चुकीचं. आपण दोघांनाही एकच औषध देतो.

वरचे पुढचे दोन दुधाचे दात बाळाला साधारण आठ ते बारा महिन्यांत येतात, सहा-सात वर्षांत हलून पडतात, आणि सात-आठ वर्षांपर्यंत त्यांच्या जागी पक्के दात येतात. पक्का दात मोठा असतो, दुधाच्या दातापेक्षा किंचित पिवळसर दिसतो, आणि नव्याने आलेला असेल तर त्याची धार करवतीसारखी कंगोऱ्यांची असते. एकदा आपल्या मुलाला उजेडात बसवून पाहून ठेवा, कोणते दुधाचे, कोणते पक्के. पडल्यावर, रक्ताने भरलेल्या तोंडात, रडणाऱ्या मुलाचं ते पाहणं जमत नाही.

दुधाचा दात मुळासकट निखळला तर वर सांगितलं ते सगळं विसरायचं. तो परत बसवायचा नसतो. कारण त्याच्या मुळाच्या मागेच हाडात पक्क्या दाताचा अंकुर असतो आणि जुना दात दाबून बसवताना त्याला इजा होऊ शकते. मात्र दात शोधायचा जरूर. सापडला नाही तर तो हिरडीत घुसला असेल किंवा श्वासनलिकेत गेला असेल. मूल सारखं खोकत असेल, श्वास लागत असेल तर तडक दवाखाना. आमच्या एका सेविकाताईंच्या नातवाचा दात असाच ‘गायब’ झाला होता. सगळं अंगण झाडून पाहिलं. निघाला हिरडीत, आत दाबला गेलेला! डॉक्टरांनी हातही लावला नाही, म्हणाले, वाट पाहू. काही महिन्यांत आपोआप खाली उतरला. असं बऱ्याचदा होतं.

पण जास्त वेळा दात निखळत नाही, मोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मूल धावायला शिकतं आणि पाय त्याच्या मनाच्या मागे पडतात. मोरीचा कट्टा, पलंगाची कड, पाण्याच्या हौदाची पायरी, स्टीलच्या पेल्यावर आपटलेलं तोंड. पुढचा अर्धा दात गेलेली किती मुलं मी अंगणवाड्यांतून पाहिली, त्याची गणती नाही. २०१८ साली जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दुधाच्या दातांना कधी ना कधी मार बसलेल्या मुलांचं प्रमाण शंभरात जवळजवळ तेवीस निघालं, आणि बारा वर्षांच्या मुलांत पक्क्या दातांना इजा झालेली शंभरात अठरा. म्हणजे वर्गात चाळीस मुलं असतील तर सात-आठ जण. तरीही आपण त्याला ‘नशीब’ म्हणतो.

असा मोडका दुधाचा दात दुरुस्त करायचा का? याचं उत्तर ‘किती मोडला’ यावर आहे. नुसता वरच्या कवचाचा टवका उडाला असेल तर डॉक्टर धार घासून गुळगुळीत करतात, म्हणजे ओठ-जीभ कापत नाही. पाच मिनिटांचं काम. त्याच्या आतला पिवळा थर उघडा पडला असेल तर गार-गरम लागतं, मूल जेवायला नाही म्हणतं आणि आई म्हणते, “हल्ली फारच हट्टी झालाय.” तिथे दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात. आधी एक जेल लावून धुतात, मग चिकट द्रव, मग मऊ मसाला थराथराने लावून निळ्या दिव्याने कडक करतात. याला कॉम्पोझिट म्हणतात. दात खूपच गेला असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकची दाताच्या आकाराची टोपी घेतात, तिच्यात तोच मसाला भरून दातावर बसवतात, दिवा दाखवतात आणि प्लॅस्टिक सोलून टाकतात. पाहणाऱ्याला कळतही नाही. तयार पांढऱ्या टोप्याही मिळतात, पण त्या महाग पडतात.

आणि मधोमध लाल ठिपका दिसत असेल, रक्त येत असेल, तर नस उघडी पडली. दुधाच्या दाताचं कवच पातळ, नस मोठी, त्यामुळे छोट्या मोडीतही हे होतं. इथे ‘पडणारच आहे’ म्हणून बसलात तर आत पू होतो, हिरडीवर पुळी येते, आणि तो पू ज्याच्या शेजारी साचतो तो पक्क्या दाताचा अंकुर असतो. मोडल्या-मोडल्या गेलं तर वरवरची नस काढून औषध लावून दात वाचवता येतो. उशीर झाला तर काढावा लागतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी उगाच भीती घालते असं व्हायचं. मार लागल्यावर दुधाचा दात करडा, काळपट पडला तर आया घाबरून जातात. नुसत्या रंगासाठी काही करावं लागत नाही. पुळी नाही, दुखत नाही, हलत नाही, तर अधूनमधून दाखवत राहायचं. दुधाचा पुढचा दात काढावाच लागला तरी आकाश कोसळत नाही. काही दिवस ‘स’ नीट येत नाही, फोटोत फट दिसते, एवढंच. महागडी टोपी घालायलाच हवी म्हणून कुणी घाई केली तर ‘न घातली तर काय होईल?’ हे विचारायला लाजू नका. मला तर वाटतं, हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारावा.

पक्का दात मोडला तर मात्र तुकडा शोधा. नीट जुळत असेल तर तोच तुकडा चिकटवता येतो. आपल्याच मुलाचा, त्याच रंगाचा तुकडा, त्याहून चांगलं काय! तो पाण्यात किंवा दुधात ओला ठेवून न्यायचा. पक्क्या दाताचं मूळ दहाव्या वर्षाच्या आसपास पुरं होतं. तोवर नस जिवंत राहणं फार मोलाचं, कारण तीच मूळ वाढवते. आठव्या वर्षी मोडलेला दात ‘दुखत नाही ना, मग बघू सुट्टीत’ म्हणून मे महिन्यावर ढकलायचा नसतो.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आमच्या गावात लहान मुलांचा दातांचा डॉक्टर आहे कुठे? खरंच आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत, दरवर्षी हजारो डॉक्टर बाहेर पडतात, आणि बहुतेक शहरातच पाटी लावतात. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत आणि तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. पण तासाभरात तिथे कोण पोचणार?

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला. या कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासायची, तीसेक व्याधी शोधायच्या, पुढे पाठवायचं. त्या यादीत दात किडणं आहे. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही आहे. कागदावर पाहिलं तर आपली मुलं भाग्यवान म्हणायची.

पण या साऱ्या योजनांची रचना पाहा. पथक ठरलेल्या तारखेला येतं आणि रोग शोधतं. कीड त्याची वाट पाहत थांबते, अपघात थांबत नाही. तो मंगळवारी दुपारी अडीच वाजता खो-खोच्या खांबाशी होतो. तिथे डॉक्टर नसतो, बाई असतात. पहिल्या तासाचा डॉक्टर म्हणजे बाई, सेविकाताई, आजी. आणि नेमकं त्यांनाच आपण काही शिकवलेलं नाही. २० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन असतो, त्या दिवशी शाळेतून फेरी निघते. दात घासा, गोड कमी खा. योग्यच आहे. (जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांचा आकडा ५१ कोटींच्या वर आहे, तेव्हा कीड हा छोटा प्रश्न नव्हेच. रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दातच आधी झिजून खुंट होतात आणि मग ते जरा कशाने मोडतात, हे मी रोज पाहते.) पण त्या फेरीत ‘निखळलेला दात दुधात ठेवा’ अशी एक पाटी मी आजवर पाहिली नाही. छापायला किती पैसे लागतील?

आणखी एक गोष्ट मनात खुपते. पुतणीचा दात गेला तेव्हा विचारपूस करायला आलेल्या दहा बायकांपैकी सात जणी म्हणाल्या, “मुलीची जात गं, उद्या दाखवायला बसवायची झाली तर...” साडेआठ वर्षांच्या पोरीसमोर! त्याच गल्लीत एका मुलाचा पुढचा दात तिरका मोडलेला आहे, दोन वर्षं झाली. त्याच्या आईला विचारलं तर म्हणाली, “मुलगा आहे, काय होतंय.” मुलगी असेल तर लग्नासाठी दात, मुलगा असेल तर दातच नको. दोघांनाही भाकरी चावायची आहे, दोघांनाही वर्गात उभं राहून कविता म्हणायची आहे, हे कुणाच्या बोलण्यात नाही. पुतणी त्यानंतर महिनाभर तोंडावर हात धरून हसत होती. गॅदरिंगमधल्या नाचातून तिने नाव काढून घेतलं.

आणि सेविकाताईंसाठी एक हळूच सांगायचं. पडून मोडलेले दात पुष्कळ असतात, तसे मारून मोडलेलेही असतात. आई एक सांगते, मूल दुसरं सांगतं, जखम तिसरंच सांगते. चालताही न येणाऱ्या बाळाच्या ओठाच्या आतली शीर फाटलेली असते. अशा वेळी ‘दुधाचाच आहे’ म्हणून मिटवू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. एका घरातून मला असा फोन करावा लागला. त्या आईने पुढचे सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं. नंतर एक दिवस स्वतःहून आली.

शाळेच्या बाईंवर आमच्या घरात कुणी राग धरला नाही. उलट जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी आणि जाऊ त्यांच्याकडेच गेलो. ड्रॉइंगच्या कागदावर पुतणीनेच चार चित्रं काढली होती. दात वरून धरलेला हात, नळ, दुधाचा पेला, रिक्षा. मुख्याध्यापक म्हणाले, सूचना फलकावर जागा नाही, वेळापत्रक आहे. बाईंनी काही न बोलता तो कागद घंटेशेजारी, खेळाच्या साहित्याच्या कपाटावर चिकटवला. टपरीवाल्या काकांनाही सांगून ठेवलंय, शाळेतून कुणी धावत दूध मागायला आलं तर साखर घालू नका, पैसे नंतर घ्या.

पुतणी म्हणाली, “काकू, पेल्यावर ‘थंड’ असं लिहायचं राहिलं.” दुसऱ्या दिवशी लाल खडूने लिहून आली.